टाइम किती आला?

पुण्याहून नंदुरबारला बदली झाल्याचं सांगितलं, तेव्हा ऑफिसमधल्या मित्रांचा पहिला प्रश्न होता, "हे नेमकं आलं कुठे?" सुरत-भुसावळ लाइनवर, पार गुजरातच्या उंबरठ्यावर, असं सांगूनही चेहरे कोरेच. खरं सांगायचं तर आम्हीही सामान बांधताना चेहरे पाडूनच होतो.

पण इथे आल्यावर आमच्या बारा वर्षांच्या लेकीला एक भलतीच गोष्ट सापडली. मैदान! पुण्यात तासाभराच्या बॅडमिंटन कोर्टासाठी फोनाफोनी करायला लागायची. इथे शाळेमागे मोकळी जागा, फी नाही, स्लॉट नाही. कार्टी धावायला लागली. पीटीच्या सरांनी चौदा वर्षांखालच्या मुलींच्या सहाशे मीटरमध्ये तिचं नाव घातलं. ती खूश. आणि मला? मला प्रोजेक्ट मिळाला, बॉस!

आम्ही पडलो बँकवाले. टार्गेट दिसलं की एक्सेल शीट उघडलीच म्हणून समजा. तारीख, अंतर, टाइम, झोप किती, बदाम किती, सगळ्याचे कॉलम. दोन मिनिटं चौदा सेकंदांवरून ती दोन-सहावर आली, तेव्हा मी ग्राफची रंगीत प्रिंट काढून फ्रिजवर लावली. बायको शांतपणे म्हणाली, "हिचं अप्रेझल कोणत्या महिन्यात आहे?" मी हसलो. तिला जोक करायचा नव्हता, हे कळायला मला तीन महिने लागले.

नोव्हेंबरअखेरीस जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा आल्या. नंदुरबारात हा मिरचीचा सीझन. गावाबाहेर पथाऱ्यांवर लालभडक मिरच्या वाळत पडलेल्या, वारा फिरला की सगळं मैदान खोकायला लागतं. फक्कीने आखलेला मातीचा ट्रॅक. कडेला आम्ही हौशी पालक. हातात पाण्याच्या बाटल्या, मोबाइलवर स्टॉपवॉच, आणि घशात ठसका असूनही "पळ, पळ, पुढे घे!"

माझ्या शेजारी धडगावकडच्या एका आश्रमशाळेचे सर उभे होते. पहाटे जीपने चांदसैलीचा घाट उतरून मुलांना घेऊन आलेले. त्यांची एक मुलगी लेकीच्याच रेसमध्ये होती, अनवाणी. मी विचारलं, "हिच्या घरचं कुणी आलं नाही?" सर म्हणाले, "दिवाळी झाली की आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जातात. निकाल फोनवर सांगीन."

रेस झाली. आता तुम्हाला वाटेल, अनवाणी मुलगी पहिली आली असेल. सिनेमात येते. इथे ती सहावी आली. माझी लेक पाचवी. दोघींचंही विभागाचं तिकीट हुकलं.

ती मुलगी धापा टाकत आली, तर सरांनी विचारलं, "सकाळी काही खाल्लं होतंस की नाही?" तिने मान हलवून नाही म्हटलं आणि हसली. सरांनी पिशवीतून केळं काढून दिलं. विषय संपला.

माझी लेक आली. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "दोन-अकरा, बाबा. सॉरी."

सॉरी? कुणाला? कशाबद्दल?

त्या रात्री बायकोने लेकीला टाचेला बर्फ लावताना पकडलं. तीन आठवडे टाच दुखत होती. सांगितलं का नाहीस, तर उत्तर काय? "बाबांचा ग्राफ खाली गेला असता."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर. ते म्हणाले, घाबरू नका, वाढीच्या वयातलं नेहमीचं दुखणं आहे. या वयात टाचेच्या हाडाचा वाढीचा भाग अजून पक्का झालेला नसतो, त्यावर पोटरीचा ताण येत राहिला की दुखतं. काही आठवडे धावणं बंद, मग हळूहळू. जाताना त्यांनी सहज विचारलं, "आठवड्यातून सुट्टी किती दिवस देता?" मी गप्प. शीटमध्ये सुट्टीचा कॉलमच नव्हता.

मग मी वाचत बसलो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की, मुलांना आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून सगळे मिळून तीन महिने त्या खेळातून सुट्टी हवीच. आणखी एक सोपा हिशेब डॉक्टर मंडळी सांगतात. मुलाचं वय जितकं, आठवड्याला सरावाचे तास त्याहून जास्त नकोत. आम्ही सुट्टी न घेता पंधरावर होतो.

त्या वाचनात एक जुनी बातमी पुन्हा भेटली. कल्याणचा प्रणव धनावडे आठवतोय? जानेवारी २०१६ मध्ये शालेय सामन्यात या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या आणि १८९९ पासूनचा ६२८ धावांचा विक्रम मोडला. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आपण सगळ्यांनीच त्याला भारताच्या टीममध्ये बसवून टाकलं होतं. वडील रिक्षाचालक. मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा दहा हजारांची स्कॉलरशिप दिली. पुढे धावा आटल्या, आणि २०१७ मध्ये वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहून कळवलं, मुलाचा फॉर्म नाही, स्कॉलरशिप थांबवा.

पहिल्यांदा वाचली तेव्हा ही बातमी मला हरल्याची वाटली होती. आता वाटतं, केवढी हिंमत लागली असेल! रिक्षा चालवणाऱ्या माणसाने महिन्याचे दहा हजार सोडायचे. पैसे घेऊन मुलाच्या डोक्यावर रोज तो आकडा ठेवण्यापेक्षा ते नकोत म्हणायचं. मला तर फ्रिजवरचा एक कागद सोडवेना.

आणि ते सर? त्यांच्या मुलीसाठी खेळ म्हणजे टाइमपास नाही. दहावीला वाढीव गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण, घरात पहिला पगार. तिच्या एकेका सेकंदाला माझ्या लेकीच्या सेकंदापेक्षा कितीतरी जास्त किंमत आहे. तरी सरांचा पहिला प्रश्न खाण्याचा होता. माझ्या लेकीचं या रेसवर काहीच अडलेलं नव्हतं, आणि माझा पहिला प्रश्न तीन महिने एकच. टाइम किती आला?

तुमच्यापैकी अनेकांना अजून मुलं नसतील. पण बॉसने केबिनमध्ये बोलावून "कसा आहेस?" न विचारता थेट आकडे विचारले की कसं वाटतं, हे तर माहितीय ना? तेच संध्याकाळी आपण घरी आणतो. तेही बारा वर्षांच्या पोरीसाठी.

शीट डिलीट केली. ग्राफ काढला. त्या जागी आता दूधवाल्याचा हिशेब आहे.

दीड महिन्याने, गेल्या रविवारी ती पुन्हा धावून आली. घामाघूम, केस विस्कटलेले. मी विचारलं, "टाच काय म्हणतेय? पोहे टाकू?" ती म्हणाली, "दोन प्लेट." आणि मग म्हणाली, "आज एक कुत्रं शेवटपर्यंत माझ्याबरोबर पळालं, बाबा!" कुत्र्याची गोष्ट दहा मिनिटं चालली. अशी गोष्ट तिने मला तीन महिन्यांत सांगितली नव्हती.

ती बाहेर पडल्यावर आणि परत आल्यावर मी भिंतीवरच्या घड्याळाकडे चोरून बघितलं का? बघितलं. खोटं कशाला बोलू?

पण विचारलं मात्र नाही.