सत्तरीनंतर हृदयाची झडप बदलताना : मार्ग दोन, खर्चाची मर्यादा एक

नवी दिल्ली : हृदयाच्या झडपेच्या आजारात सत्तर हे वय आता दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले आहे. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञ आणि हृदयशल्यचिकित्सकांच्या संघटनांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. छाती न उघडता, कॅथेटरच्या साहाय्याने महाधमनीची झडप बसवण्यास प्राधान्य देण्याचे वय त्यांनी ७५ वरून ७० वर्षांवर आणले. त्याआधी, २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, भारतात आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण उत्पन्नाची अट न ठेवता ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना लागू झाले. वयाच्या रेषा अशा जुळल्या असल्या, तरी खर्चाचा हिशेब मात्र जुळलेला नाही. योजनेची वार्षिक मर्यादा पाच लाख रुपये आहे, तर खासगी रुग्णालयांत कॅथेटरद्वारे झडप बसवण्याचा खर्च साधारणपणे दहा लाखांच्या पुढे जातो.

हृदयातून शरीराकडे जाणारे रक्त महाधमनीच्या झडपेतून बाहेर पडते. उतारवयात या झडपेच्या पाकळ्यांवर कॅल्शियमचे थर साचतात, त्या ताठर होतात आणि रक्ताची वाट अरुंद होते. चालताना धाप लागणे, छातीत दुखणे, भोवळ येणे ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत. ती अनेकदा ‘वयाचा परिणाम’ म्हणून दुर्लक्षिली जातात. आजार तीव्र होऊन लक्षणे दिसू लागल्यावर झडप न बदलल्यास सुमारे निम्मे रुग्ण दोन वर्षांच्या आसपास दगावतात. झडप पुन्हा मोकळी करणारे कोणतेही औषध उपलब्ध नाही.

पहिला मार्ग शस्त्रक्रियेचा आहे. त्यात छातीचे हाड कापून, हार्ट-लंग मशीनच्या आधाराने जुनी झडप काढून नवी शिवली जाते. दुसऱ्या मार्गाला ‘टावी’ म्हणतात. त्यात बहुधा जांघेतील धमनीतून घडी केलेली जैविक झडप हृदयापर्यंत नेऊन जुन्या झडपेच्या आतच उघडली जाते. फ्रान्समधील रुआँ येथे डॉ. ॲलन क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी हा उपचार प्रथम केला, तो शस्त्रक्रिया अशक्य असलेल्या रुग्णावर. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ चाचणीत अशा रुग्णांमधील एका वर्षातील मृत्यूंचे प्रमाण ५०.७ टक्क्यांवरून ३०.७ टक्क्यांवर आल्याचे दिसले. पुढे २०१९ मध्ये शस्त्रक्रियेचा धोका कमी असलेल्या रुग्णांमध्येही ‘टावी’ शस्त्रक्रियेच्या तोडीस तोड ठरली. वयाची रेषा खाली येण्यामागे हा पुरावा आहे.

मात्र त्याचा अर्थ शस्त्रक्रिया कालबाह्य झाली असा होत नाही. अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ६५ वर्षांखालील रुग्णांसाठी शस्त्रक्रिया, ८० वर्षांवरील रुग्णांसाठी ‘टावी’ आणि दरम्यानच्या वयात डॉक्टर व रुग्ण यांचा एकत्रित निर्णय, अशी विभागणी आहे. जन्मतः दोनच पाकळ्यांची झडप असणे, हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी बायपासचीही गरज असणे किंवा जांघेतील धमन्या अरुंद असणे, अशा स्थितीत शस्त्रक्रियेचे पारडे जड होते. ‘टावी’नंतर पेसमेकर बसवावा लागण्याची आणि झडपेच्या कडेने रक्त गळण्याची शक्यता तुलनेने अधिक असते. शस्त्रक्रियेत रक्तस्राव अधिक होतो आणि पूर्ववत होण्यास बराच काळ लागतो.

टिकाऊपणाचा प्रश्नही वयाशी निगडित आहे. जैविक झडप साधारणतः १० ते १५ वर्षे टिकते. ऐंशीच्या रुग्णाला ती बहुधा आयुष्यभर पुरते, पासष्टीच्या रुग्णाला मात्र दुसऱ्या उपचाराची तयारी ठेवावी लागते. यांत्रिक झडप अधिक काळ चालते, परंतु रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि रक्ताची नियमित तपासणीही करावी लागते. तपासणीची सोय जवळ नसलेल्या गावातील वृद्धासाठी ही अट जोखमीची ठरते.

भारतात निवडीचा हा वैद्यकीय विचार बहुतेकदा पैशापाशी येऊन थांबतो. शस्त्रक्रियेद्वारे झडप बदलणे आयुष्मान भारतच्या उपचारांत समाविष्ट आहे. ‘टावी’च्या खर्चात मात्र झडपेच्या किमतीचाच वाटा मोठा असतो. देशी उत्पादनामुळे या चित्रात काही बदल झाला आहे. गुजरातमधील वापी येथील मेरिल कंपनीच्या ‘मायव्हाल’ झडपेला २०१८ मध्ये भारतात मान्यता मिळाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७६८ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ३० दिवसांच्या निष्कर्षांत ती प्रचलित परदेशी झडपांपेक्षा कमी ठरली नाही. तरीही सर्वसामान्य निवृत्त कुटुंबासाठी हा खर्च आवाक्याबाहेरच आहे.

किंमतनियंत्रणाचे उदाहरण देशापुढे आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवण्यात आली आणि लाखोंची आकारणी थांबली. त्याच वेळी काही परदेशी कंपन्यांनी आपले महागडे स्टेंट भारतीय बाजारातून मागे घेण्याची परवानगी मागितली होती. ‘टावी’च्या झडपांची मागणी स्टेंटच्या तुलनेत फारच कमी असल्याने थेट कमाल किंमत लादल्यास पुरवठा घटण्याची भीती रास्त आहे. त्यामुळे सरकारी योजनांसाठी एकत्रित खरेदी आणि शस्त्रक्रियेचा धोका अधिक असलेल्या वृद्धांसाठी वेगळी आर्थिक मर्यादा, हे पर्याय अधिक व्यवहार्य दिसतात. त्यासोबत दोन्ही उपचारांच्या परिणामांची राष्ट्रीय नोंद ठेवणेही आवश्यक आहे. परदेशी चाचण्यांतील रुग्ण आणि भारतीय रुग्ण यांची शरीरयष्टी, सहव्याधी आणि उपचारानंतरची देखरेख सारखी नाही.

तोपर्यंत सर्वांत मोठा धोका विलंबाचा आहे. ‘टावी’साठी पैसे जमवताना महिने जाणे किंवा ‘या वयात छाती कशाला उघडायची’ म्हणून उपचारच टाळणे, या दोहोंपेक्षा अनुभवी केंद्रातील वेळेवरची शस्त्रक्रिया अनेक सत्तरीतील रुग्णांसाठी निश्चितच हिताची आहे. हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक या दोघांचेही मत घेऊन निर्णय व्हावा, ही मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस आहे. सत्तरीची रेषा ओढून शासनाने वृद्धांना रुग्णालयाच्या दारापर्यंत आणले आहे. आत गेल्यावर कोणता उपचार मिळेल हे त्यांच्या प्रकृतीवरून ठरेल की पाच लाखांच्या मर्यादेवरून, याचे उत्तर योजनेच्या पुढील फेरआढाव्यात द्यावे लागेल.