जुन्या ट्रकचा सेल्फ : दुरुस्ती की बदल?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. २०२२ साली अहिल्यानगरहून आष्टीपर्यंत रेल्वे आली. तरी भांडीकुंडी आणि लेकराबाळांसह थेट उसाच्या फडापर्यंत जाणाऱ्या टोळीला ट्रक किंवा ट्रॅक्टरच लागतो. अशा वेळी किल्ली फिरवताच वडिलोपार्जित ट्रकचा सेल्फ नुसता ‘टक्’ करून थांबला, तर मालकापुढे प्रश्न उभा राहतो : तो दुरुस्त करावा, की नवा बसवावा?

निर्णयाची घाई करण्यापूर्वी दोष खरोखर सेल्फचाच आहे काय, हे पाहावे. विश्रांतीतील पूर्ण भारित १२ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसावेत. २४ व्होल्टच्या जोडणीत त्याच्या दुप्पट. बॅटरीचे गंजलेले टर्मिनल, झिजलेली केबल किंवा चेसीसवरील सैल अर्थ यांमुळेही सेल्फ निष्प्राण भासतो. अनेकदा पॉलिश कागद आणि पाना एवढ्यावरच काम भागते.

एवढे करूनही सेल्फ फिरला नाही, तर तो उतरवून उघडावा. कार्बन, बुश, सोलेनॉइड आणि बेंडिक्स हे झिजणारेच भाग आहेत. ते बदलल्याने सेल्फ नव्या उमेदीने चालतो. काळवंडलेला कम्युटेटर लेथवर साफ करता येतो. जुन्या सेल्फचे ओतीव घर भक्कम असेल, तर दुरुस्ती हाच शहाणपणाचा मार्ग होय.

आर्मेचरची वाइंडिंग जळाली असेल, तर हिशेब बदलतो. आर्मेचर भरून देणारा जाणता कारागीर जवळ असेल आणि तो कामाची हमी देत असेल, तरच तो खर्च करावा. शाफ्ट वाकला असेल, घराला तडा गेला असेल किंवा कम्युटेटरचे तांबे संपत आले असेल, तर दुरुस्तीचा आग्रह सोडावा. नवा सेल्फ घेताना व्होल्टेज, फिरण्याची दिशा, पिनियनचे दात आणि फ्लँजची भोके जुन्या सेल्फशी ताडून पाहावीत. एक दात चुकला, तरी फ्लायव्हीलची रिंग खराब होते आणि तिच्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून जुना सेल्फ सोबत नेल्यावाचून खरेदी करू नये.

सेल्फ बंद असताना ट्रक उतारावर उभा करणे, रात्रभर इंजिन चालू ठेवणे किंवा मजुरांकडून धक्का मारून घेणे, या सवयी वरवर काटकसरीच्या वाटतात. पहिलीत ब्रेकवर भार, दुसरीत डिझेलचा नाश आणि तिसरीत माणसाच्या हातापायांची जोखीम आहे. म्हणून कोणताही मार्ग निवडला, तरी सेल्फचे काम हंगामाआधी उरकावे. नवा बसवल्यास जुना दुरुस्त करून घरी ठेवावा; आडवाटेच्या फडात तोच उपयोगी पडतो.