‘फॅन्ड्री’ आपला, मग जब्या कोणाचा?

“दादा, पिच्चर पिच्चरसारखा पाहा ना. तुमी लोकं जिथं तिथं जात काऊन शोधता?”

मागच्या महिन्यात परतवाड्यात आमच्या विहारात आम्ही ‘फॅन्ड्री’ दाखवला. उसनवारीचा प्रोजेक्टर, भिंतीवर पांढरी चादर आणि साठ-सत्तर माणसं. सिनेमा संपल्यावर चर्चा ठेवली होती. आम्ही प्रास्ताविकात ब्राह्मणी सौंदर्यदृष्टी, सांस्कृतिक वर्चस्व वगैरे बोलत होतो, तेवढ्यात मागून हा प्रश्न आला. विचारणारा आपलाच पोरगा. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे असतो. चळवळीच्या शिबिरांना येत नाही, सिनेमे मात्र एकही सोडत नाही. त्याची यादी अशी : ‘पुष्पा’ भारी, ‘केजीएफ’ त्याहून भारी, ‘कांतारा’ पाहून अंगावर काटा आला. ‘सैराट’ पहिला अर्धा झकास, शेवट पाहवत नाही. ‘झुंड’मध्ये अमिताभपेक्षा पोट्टे भारी. आणि ‘कोर्ट’? “अर्धा तास पायला अन् झोपलो.”

आपल्या कार्यकर्त्यांना अशा मतांचं हसू येतं. आम्हालाही त्या दिवशी आलं. पण घरी आल्यावर वाटलं, याच्या मतांना उत्तर द्यायचं तर आधी ती नीट ऐकली पाहिजेत. म्हणून हा लेख.

‘कोर्ट’मध्ये तो झोपला यात त्याची चूक किती? २०१५ साली ‘कोर्ट’ थेटरात लागला तेव्हा आम्ही एस.टी.नं अमरावती गाठून तो पाहिला, कारण तेव्हा आम्ही एम.ए. झालेलो होतो आणि पेपरात परीक्षण वाचलं होतं. दिवसभर सोल्डरिंग करून आलेल्या पोरानं रात्री साडेदहाला मोबाईलच्या बोटभर पडद्यावर तो पाहिला. चैतन्य ताम्हाणेचा कॅमेरा एका जागी उभा राहतो आणि आपल्याला वाट पाहायला लावतो. न्यायालयात माणसाला जशी तारखेवर तारीख वाट पाहावी लागते, तशी. मोठ्या पडद्यावर, अंधारात, शेजारी चार माणसं बसलेली असताना ती वाट पाहणं अंगावर येतं. मोबाईलवर झोप येते. स्वतंत्र सिनेमा म्हणून ज्याचं कौतुक होतं, तो आमच्या तालुक्यापर्यंत येतो तो असा, अर्धमेला होऊन.

एक गोष्ट मात्र त्याला सांगायची राहिली होती, ती इथं सांगतो. ‘कोर्ट’मधला शाहीर नारायण कांबळे ज्यांनी केला ते वीरा साथीदार आपल्या विदर्भातले, नागपूरचे. नट नव्हतेच ते. आयुष्यभर आंबेडकरी चळवळीत राबलेला, ‘विद्रोही’ मासिक संपादित करणारा कार्यकर्ता. सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारताकडून तो ऑस्करला गेला, आणि वीरा साथीदार त्यानंतरही त्याच सभांना, त्याच मोर्चांना येत राहिले. १३ एप्रिल २०२१ रोजी, जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनानं ते गेले. एका गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगारानं जीव दिला, असा आरोप ठेवून म्हाताऱ्या शाहिराला आत टाकतात, सोडतात आणि पुन्हा आत टाकतात, ही गोष्ट या माणसानं अभिनय न करता उभी केली. पुढच्या वेळी झोप येईल तेव्हा एवढं आठव, भावा.

आता मूळ प्रश्न. आम्ही जात शोधतो का?

हिंदी सिनेमात नायकाचं आडनाव मल्होत्रा, खन्ना, राठोड, सिंघानिया असतं. पन्नास-साठ वर्षं असतं. कोणी म्हणत नाही की सिनेमात जात आणली. कांबळे आला की लगेच तो ‘जातीवरचा सिनेमा’ होतो. म्हणजे जात पडद्यावर कायमच होती, फक्त वरची जात दिसत नाही अशी डोळ्यांना सवय लावलेली आहे. ‘सैराट’चा ‘धडक’ झाला तेव्हा काय झालं आठवा. करमाळ्याकडची पाटलाची आर्ची आणि मासे धरणाऱ्याचा पोरगा परश्या उदयपूरला गेले आणि वाटेत जात गळून पडली. दोन-चार उल्लेख उरले, बाकी सगळं श्रीमंत-गरीब. मारण्याचं कारणच काढून घेतल्यावर शेवटचा खून कशासाठी, हे कळायला मार्ग नाही. ‘सैराट’मध्ये लोखंडे सरांना वर्गात थोबाडीत बसते, तो प्रसंग अर्ध्या मिनिटाचा. पण त्या अर्ध्या मिनिटात पुढचं सगळं कळतं. असा प्रसंग ‘धडक’ला सुचूच शकत नाही.

आणि शोधणारे आम्ही एकटेच आहोत का? २०२५ मध्ये ‘फुले’ सिनेमा ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, लागणार होता. ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली, सेन्सॉर बोर्डानं बदल सांगितले आणि तो २५ एप्रिलला आला. महार, मांग, पेशवाई हे शब्द बोर्डाला खुपले. ज्यांना सिनेमात जात शोधायची नसते, ते शब्द मोजून काढायला किती बारीक नजरेनं बसतात! आचार्य अत्र्यांनी १९५४ साली ‘महात्मा फुले’ काढला तेव्हा मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब हजर होते, आणि त्या चित्रपटात गाडगेबाबांचं कीर्तन आहे. सत्तर वर्षांनी त्याच माणसावरच्या सिनेमाला परवानगीसाठी ताटकळावं लागलं.

इथपर्यंतचं सगळं आम्ही त्या रात्री विहारातही बोललो. टाळ्या पडल्या. लेख इथंच संपवला असता तर तो नेहमीसारखा झाला असता.

पण त्या पोरानं दुसरा प्रश्न विचारला.

तो सांगण्याआधी ‘फॅन्ड्री’तला एक प्रसंग आठवून देतो. जब्याचं कुटुंब डुक्कर पकडतं, काठीला उलटं बांधतं आणि खांद्यावर घेऊन शाळेच्या भिंतीजवळून जातं. त्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीमाई आहेत, शाहू महाराज आहेत, गाडगेबाबा आहेत. गाडगेबाबा तर आपल्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. जब्या मान खाली घालून त्या सगळ्यांसमोरून जातो. नागराज मंजुळेंनी तिथं ना संगीत लावलं, ना भाषण दिलं. आमच्या विहारात बाबासाहेबांचं चित्र पडद्यावर आलं आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. ‘जयभीम’च्या घोषणा झाल्या. आम्हीही टाळी वाजवली, खोटं कशाला बोला.

आता विचार करा, शिट्टी कशावर मारली? डुक्कर वाहणाऱ्या पोराच्या अपमानावर. फोटो दिसला की आपलं काम झालं, अशी आपलीही सवय झाली आहे. ‘काला’मधल्या जीपचा नंबर बी. आर. १९५६ आहे, हे आपल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. ‘झुंड’मध्ये अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या फोटोपुढे हात जोडतो, त्याचा स्टेटस आपण वर्षभर ठेवला. तो आनंद खोटा नाही. इतकी वर्षं पडद्यानं आपल्याला बाहेर ठेवलं, त्यामुळे आपला निळा रंग दिसला की छाती भरून येणारच. पण सिनेमा चांगला की वाईट हे फोटोवर ठरवायचं, तर उद्या कोणीही फोटो लावून आपल्याला काहीही विकेल. विकायला लागलेही आहेत.

तर त्या पोराचा दुसरा प्रश्न असा होता : “बरं, जात शोधू. मंग मले सांगा दादा, आपल्या वस्तीतल्या पोरीले नाल्यापलीकडच्या कैकाड्याच्या पोट्ट्यानं चिठ्ठी देल्ली असती, त आपण काय केलं असतं?”

कोणीतरी हसलं. मागे बायांच्या रांगेत कुजबुज झाली. एक काका उठून चप्पल शोधायला लागले. उत्तर कोणीच दिलं नाही. आम्हीही नाही. अध्यक्षांनी वेळेचं कारण सांगून सरणत्तयं सुरू केलं.

‘फॅन्ड्री’ हा शब्दच कैकाडी भाषेतला, त्याचा अर्थ डुक्कर. जब्या कैकाडी आहे, महार नाही, बौद्ध नाही. नागराज स्वतः वडार समाजातले. असं असूनही आपण हा सिनेमा ‘आपला’ म्हणून दहा वर्षं मिरवतो आहोत. मिरवायला हरकत नाही, पण आपला म्हणायचं तर जब्याशी आपलं नातं काय? नाल्यापलीकडे ती वस्ती आमच्या विहारापासून चालत दहा मिनिटांवर आहे. समाजकार्याच्या नावाखाली आम्ही तिथं किती वेळा गेलो? एकदा सर्वेक्षणाला, एकदा लसीकरणाच्या वेळी. चहाला कधीच नाही. त्या वस्तीतलं कोणी ‘फॅन्ड्री’ पाहायला आलं नव्हतं, कारण त्यांना बोलवायचं आमच्या डोक्यातच आलं नाही.

यात आणखी एक मेख आहे, ती आपल्या विदर्भातल्या पोरांना माहीत असायला हवी. कैकाडी समाज महाराष्ट्राच्या बहुतेक भागात विमुक्त जातींच्या यादीत आहे. पण अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि राजुरा सोडून चंद्रपूर, या जुन्या जिल्ह्यांत तो अनुसूचित जातीत आहे. म्हणजे पडद्यावरचा जब्या करमाळ्या-नगरकडे राहिला तर विमुक्त, आणि परतवाड्याला जन्मला असता तर आपल्याच प्रवर्गात, आपल्याच वसतिगृहाच्या यादीत, आपल्याच शिष्यवृत्तीच्या रांगेत. त्या रांगेत तो आपल्याला दिसतो का? अनुसूचित जातीच्या दाखल्याला १९५० च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याचा आजोबा टोपल्या विणत, गाढवं हाकत गावोगाव फिरला, त्यानं तो कुठून आणायचा? ‘झुंड’मध्ये रिंकू राजगुरूनं केलेली आदिवासी पोरगी ओळखीच्या कागदासाठी बापासोबत दारोदार फिरते, तेव्हा आपण हळहळलो. मेळघाटातून खाली आलेली कोरकू पोरं आणि नाल्यापलीकडची कैकाडी पोरं याच कागदांसाठी आपल्या डोळ्यांसमोर फिरताहेत, आणि अर्ज कसा भरायचा हे आपल्यातल्या शेकडो शिकलेल्यांना पाठ आहे.

१ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मुभा दिली. आम्ही त्याच्या विरोधात बोललो, आजही बोलतो. क्रिमी लेयरचं खूळ त्यासोबत आत येतंय, जागा भरायच्याच नसताना वाटण्या कशाच्या करता, हे आमचे मुद्दे आहेत आणि ते आम्ही सोडणार नाही. पण “हे आपल्यात फूट पाडतात” असं जेव्हा आम्ही मंचावरून म्हणतो, तेव्हा समोर कैकाडी, मांग, मेहतर समाजातलं कोण बसलेलं असतं? त्या पोराच्या प्रश्नानंतर आम्हाला ते वाक्य पूर्वीइतक्या जोरानं म्हणता येत नाही.

म्हणजे झालं असं, की सिनेमात जात शोधू नका म्हणणाऱ्यानं ती शोधली आणि शोधणारे आम्ही चप्पल शोधत बसलो. त्याला ब्राह्मणी सौंदर्यदृष्टी हा शब्द माहीत नाही. पण शालू जब्याकडे बघेल का, ही धाकधूक त्यानं पडद्यासमोर बसून मनापासून अनुभवली आणि मग ती सरळ आपल्या वस्तीत आणून ठेवली. ‘सैराट’चा शेवट पाहवत नाही म्हणतो तोही त्यामुळेच. ‘झिंगाट’वर नाचणारी पोरं त्या शेवटाला, रक्तानं माखलेल्या बाळाच्या पावलांना, कशी गप्प झाली होती हे आम्ही थेटरात पाहिलंय. ज्यांना आपण ‘टाइमपास प्रेक्षक’ म्हणून मोडीत काढतो, त्यांच्या या गप्प होण्यावर आपण कधी काम केलं? त्याच वर्षी ॲट्रॉसिटी कायदा बदला म्हणून मोर्चे निघाले आणि आपण कायद्याचा बचाव करण्यात गुंतलो. ते करावंच लागलं. पण गप्प झालेला पोरगा पुन्हा डीजेवर ‘झिंगाट’ लावून नाचायला लागला.

‘पुष्पा’ आणि ‘केजीएफ’बद्दल त्याच्याशी आमचा वाद अजून बाकी आहे. एकटा मर्द सगळ्यांना लोळवतो आणि शेवटी स्वतःच मालक होतो, यात गरिबाची सुटका कुठे आहे, असं आम्ही विचारलं. त्याचं म्हणणं, “दादा, दिवसभर मालकाचं ऐकतो. तीन तास तरी कोणीतं मालकाले ऐकवते ना.” यावर आमच्याकडे पटणारं उत्तर नाही. ‘पेरियेरुम पेरुमाळ’चं हिंदी रूप ‘धडक २’ त्याला पाहायला सांगितलाय. त्यातला नायक सहन करतो आणि मग उभा राहतो. पाहून काय म्हणतो ते कळेलच.

पुढचा सिनेमा त्यानंच सुचवला : ‘झुंड’, आणि विहारात नाही, नाल्यापलीकडच्या मोकळ्या जागेत. चादर आम्ही न्यायची, वीज त्यांच्याकडून घ्यायची, चर्चा त्या वस्तीतल्या कोणीतरी सुरू करायची, आम्ही शेवटी बोलायचं. समितीत दोघांनी नाक मुरडलं. “तिथं डुकरं फिरतात, बाया कशा बसतील?” असा एक मुद्दा आला. ‘फॅन्ड्री’ दाखवलेल्याच सभागृहात, त्याच चादरीसमोर बसून हा मुद्दा आला, हे लिहून ठेवतो. निर्णय झालेला नाही. येत्या रविवारी वंदनेनंतर पुन्हा बैठक आहे. परतवाडा-अचलपुरातल्या ज्या कार्यकर्त्यांना यायचं असेल त्यांनी यावं, आणि नाल्यापलीकडच्या एकाला तरी सोबत आणावं.

जयभीम!