एमएमए : पैसा वाढला, पण माणसं कुठे गेली?

रविवारी सकाळी अर्धं होस्टेल झोपलेलं असतं आणि उरलेल्यांपैकी काही जण मोबाईलला चिकटून लढती बघत असतात. अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ! त्यानंतर नाश्त्याच्या टेबलावर एक वाद हमखास रंगतो, तो म्हणजे एमएमए आता उतरणीला लागलंय का? या वादात दोन्ही बाजूंचे लोक अर्धंच बरोबर बोलतात असं मला वाटतं, म्हणून हा लेख.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही अशा मित्रांसाठी आणि सरांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणजे बॉक्सिंग, कुस्ती, ज्युदो, किकबॉक्सिंग, जुजुत्सू हे सगळं एकाच लढतीत. त्यातली सगळ्यात मोठी कंपनी यूएफसी. तिचा पहिला कार्यक्रम झाला नोव्हेंबर 1993 मध्ये, डेन्व्हरला.

आता पहिली बाजू. "उतरण कसली? आकडे बघा!" आकडे खरोखरच डोळे फिरवणारे आहेत. 2001 मध्ये ही कंपनी 20 लाख डॉलरला विकली गेली. 2016 मध्ये तीच गेली सुमारे 400 कोटी डॉलरला. ऑगस्ट 2025 मध्ये पॅरामाउंटबरोबर सात वर्षांचा प्रक्षेपणाचा करार जाहीर झाला, 770 कोटी डॉलरचा. आपल्याकडेही जून 2024 मध्ये पूजा तोमरने यूएफसीत लढत जिंकली आणि असं करणारी ती पहिली भारतीय ठरली. मग घसरण कुठाय?

दुसरी बाजू म्हणते, "अरे, पण पूर्वीसारखी मजा राहिली नाही." यातही तथ्य आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये खबीब आणि मॅकग्रेगर यांची लढत बघायला सुमारे 24 लाख ग्राहकांनी वेगळे पैसे मोजले. यूएफसीत त्यानंतर एकाही लढतीला तेवढी गर्दी जमली नाही. खबीब 2020 मध्ये एकही लढत न हरता निवृत्त झाला, 2021 मध्ये मॅकग्रेगरचा पाय मोडला आणि त्यांची जागा रिकामीच राहिली. आज यूएफसीत 11 वजनगट आहेत. मेसमध्ये कोणालाही विचारा, किती विजेत्यांची नावं सांगता येतात? दोन? तीन? आणि मॅकग्रेगर मात्र ज्याने आयुष्यात एक लढत पाहिली नाही त्यालाही माहीत!

माझं मत असं, की खेळ घसरलेला नाही. घसरलंय ते प्रेक्षकाचं लढणाऱ्या माणसाशी असलेलं नातं. त्याची कारणं तीन.

पहिलं कारण टाळता येण्यासारखं नव्हतं. सुरुवातीला या खेळात एक कोडं होतं. बॉक्सर आणि कुस्तीगीर भिडले तर जिंकेल कोण? 1993 साली सुमोचा पैलवान, एकाच हातात ग्लोव्ह घातलेला बॉक्सर असे सगळे उतरले आणि जिंकला किरकोळ अंगाचा रॉइस ग्रेसी. ते कोडं आता सुटलंय. आज प्रत्येक जण सगळंच शिकून येतो. कौशल्य वाढलं हे मान्य, पण सगळे एकाच साच्यातले वाटायला लागले.

दुसरं कारण अतिरेक. वर्षाला चाळीसहून जास्त कार्यक्रम आणि एकेका कार्यक्रमात डझनभर लढती. त्यातले बरेचसे लास व्हेगासमधल्या कंपनीच्याच छोट्या हॉलमध्ये, मोजक्या लोकांसमोर. रोज पुरणपोळी वाढली तर तिसऱ्या दिवशी आपण वरण-भात मागतो की नाही? त्यात अमेरिकेत एका मोठ्या कार्यक्रमाचा दर 2019 मध्ये सुमारे 60 डॉलर होता, तो 2023 पर्यंत 80 वर गेला. नव्या करारात हे वेगळं शुल्क गेलं हे चांगलंच झालं.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कंपनीने स्वतःचं नाव मोठं केलं आणि लढणाऱ्याचं छोटं. 2015 मध्ये सगळ्यांना एकसारखा गणवेश आला आणि पिंजऱ्यात स्वतःचे प्रायोजक मिरवायची सोय गेली. उत्पन्नातला वाटा बघा. अमेरिकेत बास्केटबॉल खेळाडूंना एकूण उत्पन्नाचा साधारण निम्मा हिस्सा मिळतो, तर यूएफसीच्या लढवय्यांना जेमतेम पाचवा, असं न्यायालयात आलेल्या आकड्यांवरून दिसलं. त्याच खटल्यात कंपनीने 37 कोटी 50 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं आणि 2025 मध्ये त्यावर न्यायालयाची मोहोर उमटली. फ्रान्सिस एन्गानू तर हेवीवेटचा विजेता असताना, जानेवारी 2023 मध्ये, कंपनी सोडून गेला. विजेताच जिथे टिकत नाही तिथे प्रेक्षकाने जीव कोणावर लावायचा?

कोणी म्हणेल, "पैसा येतोय ना, मग काय बिघडलं?" त्यासाठी जपानकडे बघा. 2003 च्या 31 डिसेंबरला तिथे तीन वाहिन्या एकाच रात्री लढतींचे कार्यक्रम दाखवत होत्या, इतकं वेड! पण प्राइड ही तिथली सगळ्यात मोठी संस्था उभी होती टीव्हीच्या पैशावर. गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध असल्याचे आरोप झाले, जून 2006 मध्ये फुजी टीव्हीने करार मोडला आणि 2007 मध्ये प्राइड विकली जाऊन बंदही पडली. एका खांबावरचा मांडव खांब काढला की बसणारच, हे आपल्याला स्ट्रक्चर्सच्या सरांनी वेगळं सांगायला नको! उद्या तो सात वर्षांचा करार संपेल तेव्हा सावरायला प्रेक्षकाचं प्रेमच लागेल.

आणि ते प्रेम कसं मिळतं हे यूएफसीला माहीत आहे. 2005 मध्ये तोट्यातल्या या कंपनीला एका टीव्ही मालिकेने वाचवलं. होतकरू लढवय्ये एका घरात एकत्र राहायचे, भांडायचे, सराव करायचे, अगदी आपल्या विंगसारखे. प्रेक्षक त्यांना ओळखायला लागले आणि म्हणून ग्रिफिन आणि बॉनर यांची अंतिम लढत डोक्यावर घेतली गेली. दोघांपैकी कोणीही तेव्हा जगज्जेता नव्हता!

तेव्हा मित्रांनो, उपाय काही अवघड नाही. कार्यक्रम कमी करा, लढणाऱ्याला त्याचा रास्त वाटा द्या आणि त्याला स्वतःचं नाव कमावू द्या. नाहीतर करार वाढत जातील, आकडे वाढत जातील, आणि रविवारी सकाळी आपण लढत बघता बघता शेजारच्याला विचारू, "यातला लाल ग्लोव्हवाला कोण रे?"