डोंगल आधी, लॅपटॉप नंतर

दिवाळी अंकांची कामे यायला लागली की आपल्या धंद्यात नव्या लॅपटॉपचा विषय निघतोच. जुना हा हंगाम काढेल की नाही याची खात्री नसते आणि हातात असतात ५० हजार, फार तर ५५. दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘आय-थ्री दाखवू की आय-फाइव्ह?’ अक्षरजुळणी करणाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर सगळ्यात शेवटी द्यावे, असे आमचे मत आहे.

आधी डोंगलचे पाहा. आपल्यापैकी बहुतेकांचे काम अजून लिपी-सॉफ्टवेअर, त्याचा कीबोर्ड ड्रायव्हर आणि डोंगल या तिघांच्या भरवशावर चालते. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप हल्ली दुकानात पुढे मांडलेले दिसतात. वजनाला हलके, बॅटरीला दमदार. पण त्यांवरचे विंडोज एआरएमसाठी बनवलेले असते. इंटेलसाठी लिहिलेले बरेचसे प्रोग्राम ते चालवून घेते. ड्रायव्हर मात्र एआरएमचाच लागतो. तसा ड्रायव्हर सॉफ्टवेअरवाल्याने काढलेला नसेल तर डोंगल यूएसबीत बसते आणि ओळखली जात नाही. इंटेल किंवा एएमडी घेतले तरी विंडोज ११ फक्त ६४ बिटचेच मिळते. त्यावर ३२ बिटचे जुने ड्रायव्हर चढत नाहीत आणि १६ बिटचे जुने प्रोग्राम सुरूच होत नाहीत. म्हणून खरेदीआधी सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा. दुकानदार तयार असेल तर डोंगल खिशात घालूनच जा.

मग कीबोर्ड. याची चर्चा कुठल्याच जाहिरातीत नसते, कारण इंग्रजीत ईमेल लिहिणाऱ्याला त्याचे काही अडत नाही. आपले अडते. इनस्क्रिप्टमध्ये ज, ड, च, ट आणि शिफ्टसह झ, ढ, छ, ठ ही सगळी अक्षरे उजव्या करंगळीच्या वाट्याला येतात. ऋकाराची खूणही तिकडेच, बरोबरच्या चिन्हाच्या कळीवर. स्वस्त लॅपटॉपमध्ये नंबरपॅड बसवण्यासाठी नेमक्या याच बाजूच्या कळा अरुंद केलेल्या असतात, कधी एंटरला चिकटवलेल्याही असतात. दुकानात उभ्याने एक परिच्छेद टाइप करून पाहा. ‘छत्रपती’, ‘झाडाझडती’, ‘कृष्णा’ हे शब्द न चुकता उमटले तर पुढचे बोलणे करा.

पडद्याच्या बाबतीत आमचा सल्ला काहींना विचित्र वाटेल : लॅपटॉपच्या पडद्यावर फार पैसे घालू नका. १५.६ इंची पडद्याची उंची जेमतेम १९ सेंटिमीटर भरते. डेमी पुस्तकाचे एक पानसुद्धा त्यावर मूळ आकारात पूर्ण दिसत नाही. २४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. डेमीची समोरासमोरची दोन पाने त्यावर मूळ आकारात मावतात आणि बाजूला पॅलेट उघडे ठेवायला जागाही उरते. चांगला आयपीएस मॉनिटर आठ-दहा हजारांत येतो आणि दोन लॅपटॉप बदलले तरी तोच चालतो. तेवढे पैसे बाजूला काढून उरलेल्यात लॅपटॉप बसवावा. मुखपृष्ठे करणाऱ्यांनी मात्र मॉनिटर घेताना त्यावर शंभर टक्के एसआरजीबी लिहिलेले आहे ना, ते पाहावे. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ असे असते. त्यावर केशरी आणि लाल यांतला फरक ठरवू नये.

रॅम १६ जीबी हवी. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढल्याने आठवर भागवून पुढे वाढवू, असा विचार होतो. तो करायला हरकत नाही, पण रॅमसाठी मोकळा स्लॉट असला तरच. रॅम बोर्डावरच जोडलेली असेल तर आठची कायमची आठच राहते. प्रोसेसरच्या नावावरूनही फसू नका. रायझन ७५२०यू हा ७००० मालिकेतला असला तरी त्याची घडण झेन-२, म्हणजे २०१९ सालची आहे. मधला २ तेच सांगतो. त्याला लागणारी रॅमही बोर्डावर जोडलेलीच येते. आय-थ्री १२१५यू किंवा रायझन ५६२५यू आपल्या कामाला भरपूर झाला.

कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक आम्हाला नव्या चकचकीत लॅपटॉपपेक्षा बरे वाटतात. कीबोर्ड सहसा चांगला, रॅमचे स्लॉट बऱ्याच मॉडेलांत मोकळे, बिजागऱ्या मजबूत. पण इंटेलची आठवी पिढी ही खालची मर्यादा समजा. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, विंडोज ११च्या यादीत नाहीत. दुकानदार पळवाट काढून विंडोज ११ टाकून देतो. पुढचे अपडेट येतीलच याची हमी मात्र मायक्रोसॉफ्ट देत नाही. बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, बॅटरी किती उरली आहे, हे दुकानातच तपासा आणि जीएसटीचे बिल घ्या.

नवा घेणार असाल तर वॉरंटीत माणूस घरी येतो की लॅपटॉप केंद्रात न्यावा लागतो, आणि ते केंद्र कोणत्या गावात आहे, हे विचारा. मुंबई-पुण्यात हा प्रश्न किरकोळ वाटतो. तालुक्याच्या गावात ऐन सप्टेंबरात लॅपटॉप आठवडाभर जिल्ह्याला अडकून पडला तर एक अंक हातचा जातो.

आणि जुना संगणक लगेच भंगारात देऊ नका. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची. त्यातल्या पुस्तकांच्या ओपन फाइली प्रकाशक पुनर्मुद्रणाच्या वेळी अजूनही मागतात. जुन्या संगणकाची इंटरनेटची जोडणी काढा, फाँट आणि फाइलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि तो कोपऱ्यात चालू स्थितीत राहू द्या.