बारीक आहेस, तुला कसली शुगर?

कट्ट्यावर कोणी ‘कटिंग बिनसाखरेची’ म्हटलं, की सगळे त्याच्या अंगावर धावून येतात. ‘एवढासा आहेस, तुला कसली शुगर?’ डायबेटिस म्हणजे पोट सुटलेल्या, साठीतल्या काकांचा आजार, हे आपण ठरवूनच टाकलंय. आणि हा गैरसमज आपल्या पिढीला महागात पडणार आहे.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय सेम, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे वजनकाटा ‘ओके’ म्हणतो, तरी आपण भारतीय आतून जाड असू शकतो. पोटातली ही चरबी इन्सुलिनचं काम बिघडवते आणि साखर गुपचूप वाढत जाते. सुरुवातीला काही दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तर कळत नाही.

आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे आणि १३.६ कोटी प्रीडायबेटिक आहेत. प्रीडायबेटिक म्हणजे उपाशीपोटी साखर १०० ते १२५ च्या दरम्यान. १२६ च्या पुढे डायबेटिस. या मधल्या पायरीवरून मागे फिरता येतं, हीच तर गुड न्यूज आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमने अशा लोकांना फक्त चालायला आणि नीट खायला लावलं, तर डायबेटिस होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं.

पण मागे फिरायला आधी कळायला तर हवं! सरकारी तपासणी मोहीम तिशीपासून पुढच्यांसाठी. मग विशीतल्यांचं काय? आपल्याकडे अ‍ॅडमिशनच्या वेळी मागतात ते फिटनेस सर्टिफिकेट. त्यावर शिक्का असतो, तपासणी नसते.

माझं म्हणणं साधं आहे. एनएसएसने वर्षातून एक दिवस कॉलेजात मेजरटेप घेऊन बसावं. मुलांची कंबर ९०, मुलींची ८० सेंटिमीटरच्या वर आहे का? आईबाबांना डायबेटिस आहे का? रोज चालणं होतं का? उत्तरं काळजीची आली, त्यांचीच रक्तातली साखर तपासावी. सगळ्यांना सुया टोचायची गरज नाही.

‘या वयात उगाच घाबरवायचं कशाला?’ असं कोणी म्हणेलच. पण तिशीत गोळ्या सुरू होण्यापेक्षा विशीत थोडं घाबरलेलं परवडलं.

आणि कॅन्टीनवाल्यांनाही सांगू या. २५० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये पाच-सहा चमचे साखर असते. त्याच फ्रीजमध्ये ताक ठेवायला काय हरकत आहे? घरी डायबेटिस असेल, तर एनएसएसची वाट बघू नका. उपाशीपोटी साखर तपासायला पिझ्झापेक्षा कमी पैसे लागतात.