दोनदा भाजलेले भरले बटाटे

संध्याकाळी पाहुणे यायचे असले, की आपला निम्मा वेळ ओट्यापाशीच जातो. म्हणून ही कृती. निम्मे काम दुपारीच उरकते.

कपिलतीर्थ मंडईतून सारख्या आकाराचे, जुने, जाड सालीचे ६ बटाटे निवडून आणा. नव्या बटाट्याचा गर चिकट होतो. हिरवट पडलेला तर घेऊच नका. धुऊन, पुसून, काट्याने टोचा नि ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर भाजा. (उकडू नका हं! उकडल्याने गर ओलसर राहतो. भाजल्याने पाणी उडून तो भुसभुशीत होतो.) ओव्हन नसेल तर जाड कढईत खडे मीठ पसरून त्यावर ठेवा, झाकण घाला, आच मंद. वेळ जास्त लागतो. सुरी सहज आत गेली, की झाले.

उभे दोन भाग करून, पाव इंच कड राखून गर काढा. गरम असतानाच हाताने कुस्करा. मिक्सरला लावलात तर खळ होईल. त्यात २ चमचे लोणी, अर्धी वाटी चक्का, कोथिंबीर आणि चमचाभर कांदा-लसूण चटणी घाला. परदेशी कृतीत इथे नुसती मिरपूड असते. कोल्हापुरी जिभेला ती कुठली पुरायला! चटणीत मीठ असतेच, तेव्हा वरचे मीठ बेतानेच.

साली भरून, गार झाल्या की झाकून फ्रिजमध्ये ठेवा. पाहुणे आले, की वर चीज किसून २०-२५ मिनिटे पुन्हा भाजा. तेवढा वेळ तुम्हीही बाहेर जाऊन बसा. मुलांसाठी बिनचटणीचे दोन मात्र आधीच बाजूला काढा, नाहीतर ऐनवेळी गोंधळ उडतो.